दहाव्या खिळ्यावरचं डोकं

छंद कशाला म्हणतात असं आमच्या ह्यांना विचारा, हे तासभर बोलतील. मला विचारा, मी एका वाक्यात सांगते. ज्याच्यापायी सुट्टीच्या दिवशी घरातला गळका नळ दुरुस्त होत नाही, त्याला छंद म्हणतात.

आमचे हे सलून चालवतात. खाली दुकान, वर घर. दुकानात खुर्च्या दोन, पण कात्री एकच चालते, त्यामुळे दुसऱ्या खुर्चीवर लोक पेपर घेऊन बसतात आणि जगाचा कारभार चालवतात. सोमवार सोडला तर रोज सकाळी शटर वर जातं ते दिवेलागणीला खाली येतं. तोवर ह्यांचे हात लोकांच्या डोक्यात आणि माझे हात टॉवेलांत. दुकानाचे टॉवेल धुणं, गच्चीवर वाळत घालणं, घड्या घालून खाली पोचवणं ही माझी खाती. वाळत घालताना सारखं वाकायला नको म्हणून मी चिमटे कॉलरला चहूबाजूंनी लावून ठेवते. एकेक काढायचा आणि दोरीला लावायचा. सासूबाई म्हणतात, "ही सून आहे की साळिंदर?" म्हणू देत. कंबर माझी दुखते, त्यांची नाही.

सासूबाईंचे गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. दिवसभर वरच्या खिडकीशी बसून त्या रस्ता बघतात. काही हवं झालं की काठी जमिनीवर आपटतात, आणि खाली दुकानाचं छत दणाणतं. नवीन गिऱ्हाईक दचकतं. जुनी माणसं मान जराही हलवत नाहीत, कारण कानामागे वस्तरा असतो.

आता हा कॅमेरा घरात कसा शिरला ते सांगते. शेजारी एक फोटो स्टुडिओ होता. त्याचा म्हातारा मालक दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला. जाताना ह्यांच्या हातात आपला वापरातला कॅमेरा ठेवून म्हणाला, "इतकी वर्षं माझी दाढी केलीत, एकदाही घाई केली नाहीत. हा तुमच्याकडे शोभेल." झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात घड्याळाला शत्रू मिळाला.

गावात हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई त्याच्या अध्यक्ष. बाई कामात कडक, पण मनाने मोकळ्या. मंडळाचं वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. प्रत्येक सभासदाला एक भिंत. भिंतीवर दहा खिळे, दहा खिळ्यांवर दहा फोटो, आणि दहाही एकाच विषयावरचे. नियम असा की, लागोपाठ दोन वर्षं कुणाची भिंत पुरी झाली नाही तर ती भिंत दुसऱ्याला जाते. बाहेर रांगेत माणसं उभीच आहेत.

पहिल्या वर्षी ह्यांनी विषय घेतला पक्ष्यांचा. घ्या! ज्या माणसाला आठवड्यात एक सोमवार मिळतो, त्याने पक्ष्यांच्या नादी लागायचं! सोमवारी सकाळी आईंना दवाखान्यात न्यायचं, मग कात्र्यांना धार लावून आणायची, मग दुकानातली मोरी तुंबलेली असायचीच, कारण केस काय स्वतःहून बाहेर चालत जात नाहीत. हे सगळं उरकून हे तळ्यावर पोचायचे तेव्हा पक्षी जेवून झोपलेले. वर्षभरात मिळाले ते दोन बगळे, दोन्ही हललेले, आणि एक सूर्यास्त, त्याच्या मधोमध विजेची तार. भिंतीवर सात खिळे मोकळे राहिले. हे त्या खिळ्यांसमोर उभे होते तसा माणूस मी पुन्हा कधी बघितला नाही. घरी येऊन जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता एकच वर्ष आहे."

ती भिंत ह्यांना हवी होती. किती हवी होती ते ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ह्यांच्याबरोबर संसार मी केलाय. आयुष्यभर ज्यांच्या हातचं काम पंधरा दिवसांत वाढून नाहीसं होतं, त्यांना एखादी गोष्ट भिंतीवर राहावीशी वाटणारच.

पण दुसरं वर्षही तसंच सरकायला लागलं. रोज रात्री जेवताना तेच रडगाणं, वेळ मिळत नाही, वेळ मिळत नाही. एके दिवशी माझं डोकं फिरलं. नळ टपटपत होता, वरून काठी आपटत होती, आणि हे आमटीत बोट घालून तळ्याकडे बघितल्यासारखे बसलेले.

"अहो, वेळ काय भाजीवाल्यासारखा दारावर ओरडत येणार आहे?" मी म्हटलं. "नाही मिळत ना सोमवारी? मग जिथे दिवसभर असता तिथनं काढा! नाहीतर तो कॅमेरा देऊन टाका आणि नळाकडे बघा एकदा!"

मी रागात बोलले होते. ह्यांनी ते मनावर घेतलं. पुरुषांचं हे असंच असतं, ऐकायचं ते ऐकत नाहीत आणि नको ते शब्दाला शब्द धरून करतात.

दोन दिवसांनी मी टॉवेल घेऊन खाली गेले. खुर्चीत बेकरीवाला बसला होता. केस कापून झाले होते, मानेवर ब्रश फिरवून झाला होता, आणि हे नेहमीप्रमाणे छोटा आरसा त्याच्या डोक्यामागे धरून मागची बाजू दाखवत होते. त्या क्षणी प्रत्येक माणूस कसा बसतो ते तुम्ही बघितलंय का? ताठ. खांदे खाली. श्वास धरलेला. फोटो काढायला बसल्यासारखा. दारातून ऊन येत होतं ते बेकरीवाल्याच्या कानाच्या कडेवरून मानेवर उतरलं होतं, आणि मानेच्या घडीत पीठ होतं, घासूनही न जाणारं. हे आरसा धरून तसेच उभे. एकदम पुटपुटले, "हलू नका."

बेकरीवाला बिचारा पांढरा पडला. त्याला वाटलं कान गेला.

ह्यांनी गल्ल्यातून कॅमेरा काढला, बेकरीवाल्याला विचारलं, "मागून एक घेऊ?" तो हो म्हणायच्या आत आवाज आला, टिक. मग कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर हे बघत राहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हा वेळ माझाच होता. रोज होता. प्रत्येक डोक्यामागे होता. मी लोकांना आरसा दाखवत होतो आणि स्वतः बघतच नव्हतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दोन बगळ्यांसाठी वर्ष घालवलं, आणि नाकासमोर रोज माणसं ओळीने पाठ करून बसत होती.

गंमत पुढे आहे. बेकरीवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "हा कोण?"

"तुम्ही."

"छे छे! माझी मान एवढी जाड नाही हो."

त्या दिवसापासून हाच प्रकार. बसचा ड्रायव्हर आला, त्याची मान एका बाजूने रापलेली, खिडकीकडची बाजू. त्याने स्वतःला ओळखलं नाही. शाळेच्या बाईंचा मुलगा आला, त्याच्या डोक्यावर दोन भोवरे. ज्याला दोन भोवरे त्याला दोन बायका, असं म्हणतात. ते ऐकून तो कानापर्यंत लाल झाला आणि फोटोत लाल कानच आले. लग्नाच्या आदल्या दिवशी एक नवरामुलगा आला, त्याची मान इतकी ताठ की मला त्याची दया आली. कुणालाच आपली पाठमोरी ओळख नव्हती. दुसऱ्याची मात्र सगळ्यांना झटकन पटायची.

खरी परीक्षा सासूबाईंनी घेतली. फोटो छापून आल्यावर हे ते वर घेऊन गेले. सासूबाई दिवसचा दिवस त्या खिडकीत घालवतात, रस्त्यावरची माणसं त्यांना वरूनच दिसतात, चेहरे कमी आणि डोकी जास्त. त्यांनी चष्मा लावला आणि फटाफट सांगत सुटल्या. "हा बेकरीवाला. हा बसवाला, चालताना डावीकडे कलतो तो. हा बाईंचा पोरगा, शिट्टी वाजवत जातो मेला." एकही चुकलं नाही. मग फोटो खाली ठेवून म्हणाल्या, "तुझ्या त्या बगळ्यांपेक्षा बरं आहे. बगळे मला कुणीच ओळखीचे वाटले नव्हते." सासूबाईंच्या तोंडून एवढी स्तुती निघायला माझ्या लग्नाला इतकी वर्षं व्हावी लागली, तीही माझी नव्हेच.

दुकानाचं एक मिनिटही ह्यांनी फोटोत घालवलं नाही, हे कबूल करायला हवं. खुर्ची थोडी दाराकडे सरकवली, कॅमेरा आरशाच्या शेजारी खिळ्याला टांगला, आणि एका हाताने आरसा खाली ठेवता ठेवता दुसऱ्या हाताने टिक. आधी विचारायचं, नाही म्हटलं तर हसून सोडून द्यायचं. फोटो जमत गेले. हे जेवायला लागले. शीळ घालत शटर वर करायला लागले. मी मनात म्हटलं, भिंत भरणार बहुतेक.

आणि मग पोस्टमास्तर आले.

पोस्टमास्तर निवृत्त आहेत, पण रुबाब निवृत्त झालेला नाही. गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. खिशात कंगवा असतो आणि तो दर पाच मिनिटांनी बाहेर येतो, कारण डावीकडचे केस उजवीकडे नेऊन बसवायचे असतात. त्यांच्या डोक्याच्या मागे, बरोब्बर मध्यावर, बशीएवढं टक्कल आहे. ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्यांना सोडून. आणि त्यांना ठाऊक नाही ते आमच्या ह्यांच्यामुळे! सलूनवाल्यांची एक रीत असते. मागचा आरसा कधी सरळ धरायचा नाही. ज्याचं टक्कल त्याला आरसा जरा खाली धरायचा, नुसती मान दाखवायची, वरचं आकाश दाखवायचं नाही. माणूस खूश होऊन मान डोलावतो आणि घरी जातो. वर्षानुवर्षं हे पोस्टमास्तरांना असंच सांभाळत आले होते.

त्या दिवशी ह्यांनी विचारलं, "साहेब, मागून एक फोटो घेऊ?" साहेबांना आवडलंच. कंगवा फिरवून ताठ बसले. उन्हाची तिरीप त्या टकलाच्या कडेला बसली होती, खालचे पांढरे केस चांदीसारखे, आणि कानामागे चष्म्याच्या काडीचा जुना वण. टिक झालं. ह्यांनी पडद्यावर बघितलं आणि हरखले. इतके हरखले की शुद्ध राहिली नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "बघू बघू," आणि ह्यांनी कॅमेरा सरळ त्यांच्या हातात दिला. हात इतकी वर्षं आरसा तिरका धरायला शिकला होता, पण कॅमेरा कुठे तिरका धरता येतो!

मी टॉवेल घडी करत दारात उभी होते. पोस्टमास्तर बघत राहिले. सगळ्यांप्रमाणे आधी म्हणाले, "हा कोण?" मग पोस्टमास्तरांचा हात हळूहळू डोक्याच्या मागे गेला. बोटं फिरली आणि थांबली.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला काय दाखवत होतात?"

आणि उठले. गळ्याभोवती बांधलेलं पांढरं कापड तसंच. भर रस्त्यातून, कापड फडफडवत, मागच्या टकलावर हात ठेवून घरी निघून गेले. सासूबाईंनी वरून बघितलं आणि काठी दोनदा आपटली, कारण त्यांना वाटलं मिरवणूक आहे.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. सलूनवाल्याने केसाने गळा कापला, चोरून फोटो काढतो, लोकांची थट्टा करणार आहे, हॉलमध्ये लावून तिकिटं लावणार आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला! निम्मी गिऱ्हाइकं चौकातल्या दुसऱ्या सलूनमध्ये जायला लागली. पेपरवाली खुर्चीसुद्धा रिकामी. मला वाटलं होतं, आता ह्यांना वेळच वेळ आहे, काढा म्हणावं दिवसभर फोटो. पण ह्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. दुकानात बसून रिकाम्या खुर्चीवरची धूळ झटकायचे. वेळ असा ढिगाने पडला होता आणि फोटो एकही नाही.

प्रदर्शन तोंडावर आलं. डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. ह्यांनी छापलेले फोटो काउंटरवर मांडले. बाईंनी एकेक बघितला, शेवटी पोस्टमास्तरांचा उचलला आणि दाराशी उजेडात नेला.

"सगळ्यांत हा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हा मधोमध लावा."

"तो नाही लावायचा," हे म्हणाले.

"मग तुमचे नऊच होतात."

"नऊ होऊ देत. त्यांनी माझ्यासमोर डोकं वाकवलं ते विश्वासाने. भिंतीवर लावायला ते नको म्हणाले नाहीत, पण हो पण म्हणाले नाहीत."

"दहावा दुसरा काढा."

"कुणाचा काढू, बाई? खुर्ची बघा की."

बाई नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, "नियम मी तुमच्यासाठी मोडू शकत नाही. प्रदर्शन बंद होईपर्यंत दहावा खिळा भरला तर भिंत तुमची. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याची." आणि जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

त्या रात्री मात्र माझं रक्त उकळलं. इतके दिवस मी त्या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, पण तो माझा हक्क होता, गल्लीचा नव्हता! मी कपाटातून कॅमेरा काढला आणि ह्यांच्या पुढ्यात आपटला. आपटला म्हणजे, हळूच ठेवला. "भिंत सोडायची नाही," मी म्हटलं. "नऊ तर नऊ. जाऊन लावायचे." ह्यांनी कॅमेऱ्याची काच सदऱ्याने पुसली. मग म्हणाले, "लावतो. दहावा खिळा मोकळा ठेवतो. ती त्यांची जागा आहे."

नऊ फोटो फ्रेम होऊन परस्पर हॉलवर गेले. मी सगळे बघितलेही नाहीत, मला कुठे वेळ होता! दहावाही ह्यांनी फ्रेम करून आणला होता, पण तो कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी हे पहाटेच गेले. मी मागे राहिले. आईंचं सगळं आवरलं, सगळ्या चादरी धुतल्या, गच्चीवर घातल्या, आणि बघते तो दुपार कलायला लागलेली. पाच वाजता हॉल बंद. मी धावत खाली आले, कुणी गिऱ्हाईक चुकून आलंच तर कळावं म्हणून शटरवर खडूने लिहिलं, "मालक वाचनालयाच्या हॉलमध्ये आहेत." निघता निघता काय मनात आलं कुणास ठाऊक, पुन्हा वर धावले, कपाटामागचा फोटो ओढला, पिशवीत घातला आणि सुटले.

हॉलमध्ये पोचले आणि दारातच थबकले. डोंगर होते, फुलं होती, पाण्याचे थेंब होते, सगळं फार सुंदर होतं. पण गर्दी होती ती आमच्या ह्यांच्या भिंतीसमोर. आणि कसली गर्दी! लोक ओरडून एकमेकांना दाखवत होते. बेकरीवाल्याची चिमुरडी "बाबा! बाबा!" करत फोटोकडे बोट दाखवत होती आणि बाबा तिच्या शेजारीच उभे राहून "कुठे?" विचारत होते. बसवाल्याला तर त्याच्या रोजच्या प्रवाशांनी ओळखलं. त्यांनी इतकी वर्षं त्याचं दुसरं बघितलंय काय! चौकातल्या सलूनमध्ये पळून गेलेली डोकीसुद्धा तिथे होती, आणि ह्यांच्या कानाशी लागून, "आमचा का नाही घेतलात हो?" म्हणून रुसत होती. आमचे हे भिंतीच्या कडेला उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घालून. इतका चांगला दिसतो माझा नवरा, हे मी विसरलेच होते.

मी ओळीने बघत गेले. एक, दोन, तीन, सगळे ओळखीचे. आणि नवव्या फोटोपाशी माझे पाय थांबले.

बाई होती! पाठमोरी, आकाशाकडे हात केलेली. अंबाडा सुटत आलेला, मानेवर ओल्या केसांच्या दोन बटा, उन्हात चमकणाऱ्या. आणि कॉलरला काहीतरी काटे काटे लावलेले, सगळा अवतार. मी मनात म्हटलं, अस्सं! पुरुषांच्या सलूनमध्ये ही कोण भवानी? इतक्या प्रेमाने कुणाचा काढलाय? मी ह्यांच्याकडे रागाने बघितलं. हे डॉक्टरीणबाईंशी बोलत होते. मी म्हटलं, थांबा, घरी चला, तुमचा आरसा आज मी सरळ धरते.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. पोस्टमास्तर! आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, हातात इस्त्री केलेलं आमचं पांढरं कापड.

"दुकानावर गेलो होतो," पोस्टमास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू घरात किती दिवस ठेवायची? हे येत नव्हते, मीच ओढून आणलं. शटरवर लिहिलेलं वाचून इकडे आलो."

पोस्टमास्तरांनी भिंतीकडे बघायचं टाळलं होतं. पण नजर गेलीच. नऊ डोकी आणि शेवटी एक मोकळा खिळा. माझ्या लक्षात आलं की ते स्वतःला शोधत होते.

"माझा कुठेय?" ते म्हणाले. आवाज कडक होता, पण जरा कापरा.

हे पुढे आले. "नाही लावला, साहेब. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा लावणार? खिळा ठेवलाय फक्त."

पोस्टमास्तरांचा हात पुन्हा डोक्याच्या मागे गेला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. आणि माझ्याच्याने राहवेना. मी पिशवीत हात घातला आणि फोटो काढून त्यांच्या पत्नीच्या हातात दिला. "तुम्हीच बघा, काकू," मी म्हटलं. "यात थट्टा आहे का सांगा."

काकूंनी कापड काखेत मारलं आणि फोटो दोन्ही हातांत धरला. बघितला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"हे तर आमचे!" त्या म्हणाल्या. "अगदी आमचे!"

"तुला ठाऊक होतं?" पोस्टमास्तर म्हणाले. "हे... हे मागचं?"

"अहो, ठाऊक म्हणजे काय! बाजारात, दवाखान्यात, जिन्यात, नेहमी तुम्ही भराभर पुढे आणि मी मागे. गर्दीत तुम्ही दिसेनासे झालात की मी ह्यालाच शोधते. हे दिसलं की जिवात जीव येतो माझ्या." त्यांनी काचेवरून त्या टकलावर बोट फिरवलं. "तुम्हाला कळलं नव्हतं, एवढंच. मला वाटलं, कशाला सांगा."

पोस्टमास्तरांनी खिशातून कंगवा काढला. सगळ्यांना वाटलं, आता केस नीट करणार. पण त्यांनी तो नुसता बघितला आणि परत ठेवला. मग पत्नीच्या हातातून फोटो घेतला, भिंतीपाशी गेले, खिळा अंगठ्याने दाबून बघितला.

"पक्का आहे ना?"

"पक्का आहे, साहेब," हे म्हणाले. ह्यांचे डोळे भरले होते.

पोस्टमास्तरांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं डोकं दहाव्या खिळ्याला लावलं. दोन पावलं मागे झाले, मान कलती करून बघितलं, पुढे होऊन डावा कोपरा सरळ केला. टपालखात्यातला माणूस, वाकडं चिकटवलेलं तिकीट त्याला चालत नाही. मग वळून म्हणाले, "मंगळवारी येतो. आरसा सरळ धरायचा. कळलं?"

टाळ्या अशा वाजल्या की वाचनालयातल्या ग्रंथपालबाई "शांतता राखा" म्हणत आत आल्या आणि मग त्याही वाजवायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंत तुमची," आणि ह्यांचा हात हातात घेऊन इतक्या जोरात हलवला की त्या संध्याकाळी ह्यांना चहाचा कप धरवेना. मी रडत होते आणि हसत होते. भिंत आमची! दहाच्या दहा खिळे!

आनंद झाला तशी माझी जीभही सुटली. मी म्हटलं, "काय हो पोस्टमास्तर, स्वतःचं डोकं माणसाला ओळखता येऊ नये म्हणजे कमाल आहे!"

पोस्टमास्तर शांतपणे नवव्या फोटोकडे वळले. "बरं. मग ही कोण, ते तुम्ही ओळखलंत?"

"मला काय ठाऊक!" माझा राग पुन्हा उफाळला. "ह्यांनाच विचारा. असला अवतार करून कोणती बाई फोटो काढून घेते देव जाणे."

काकू हसायला लागल्या. मग पोस्टमास्तर, मग बेकरीवाला, मग सगळेच. काकूंनी पुढे होऊन माझ्या मानेपाशी हात नेला, आणि टक् करून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

कपडे वाळत घालायचा चिमटा.

मी कॉलर चाचपली. आणखी एक होता. आणखी एक. धावपळीत तशीच निघाले होते मी, आणि तासभर त्या भरल्या हॉलमध्ये साळिंदर होऊन फिरत होते. मी वर बघितलं. फोटोतल्या बाईच्या कॉलरला तेच चिमटे. आणि ते पलीकडे धूसर दिसत होतं ते आकाश नव्हतंच नुसतं, आमच्या टॉवेलांची दोरी होती.

ह्यांच्याकडे बघितलं तर हे कान धरून उभे.

"सगळ्या गावाला विचारलंत," मी म्हटलं, "आणि मला नाही?"

"तुला विचारलं असतं," हे म्हणाले, "तर तू आधी चिमटे काढले असतेस."

इतक्या वर्षांत कुणी मला असं बघितलं असेल हे माझ्या गावीही नव्हतं. टॉवेल घ्यायला म्हणून हे गच्चीवर यायचे आणि मला वाटायचं, टॉवेल घ्यायलाच येतात. मी हातातला चिमटा परत कॉलरला लावला आणि हॉल बंद होईपर्यंत त्या फोटोशेजारी उभी राहिले. जो येईल त्याला सांगत होते, "ही मी."

मंगळवारी शटर वर गेलं तेव्हा पहिल्या खुर्चीत पोस्टमास्तर होते आणि रांग बेकरीपर्यंत. पण त्याच्या आधी सोमवार होता. सकाळी हे दवाखान्याची पिशवी घेऊन निघाले, तर मी ती काढून घेतली आणि ह्यांच्या गळ्यात कॅमेरा अडकवला. म्हटलं, जा, बगळे जेवायच्या आत पोचा. आईंना मी नेते. आणि तो नळही मीच दुरुस्त केला त्या दिवशी. अजून थोडा गळतो, पण चालतं.